कधी उघडावे, कधी मिटावे : वेगवान बोटीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट

माझे वडील सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग पुन्हा चालता करायचा, हे त्यांचे काम. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि पाळी संपेपर्यंत मागांमधल्या बोळात उभा राहायचो. मागाच्या पोटात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक आडवा दांडा फिरत असतो. त्यावर एका बाजूला फुगवटा असलेल्या लोखंडी चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना सगळे टॅपेट म्हणत. चकतीचा फुगवटा आला की धाग्यांची चौकट सरकते, उभ्या धाग्यांचे दोन थर वेगळे होतात, मधे वाट उघडते आणि त्या वाटेने धोटा सणकन पलीकडे जातो. ही वाट जरा आधी मिटली तर धोटा मधेच अडकतो आणि एका क्षणात शेकडो धागे तुटतात. वडील म्हणायचे, ‘‘माग ताकदीवर चालत नाही, वेळेवर चालतो.’’

मागाचा वरचा मुख्य दांडा दोन फेरे घेतो तेव्हा खालचा टॅपेटांचा दांडा एक फेरा घेतो. धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून गेला की एक चक्र पुरे होते, म्हणून हे दोनास एक असे प्रमाण. पुढे सतराव्या वर्षी मी एका गॅरेजमध्ये हाताखाली लागलो. पहिल्यांदा मोटारसायकलचे इंजिन उघडलेले पाहिले तेव्हा मी चकित झालो. तोच दांडा, तोच फुगवटा, तेच दोनास एक प्रमाण. आणि मिस्त्रीच्या तोंडी शब्दही तोच, टॅपेट. अभियांत्रिकीचे शिक्षण मला मिळाले नाही. जे समजले ते उघडून, मोजून आणि मिळेल ते वाचून. आज जो विषय मांडतो आहे त्याचा धागा मात्र त्या बोळापासून निघतो.

पाणी आले कुठून?

माझा मावसभाऊ पंचवीसहून अधिक वर्षे अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. डेट्रॉइट शहराच्या ईशान्येला सेंट क्लेअर नावाचे सरोवर आहे. त्याचा पलीकडचा काठ कॅनडाचा. मोटारींचे कारखाने जवळ असल्याने यंत्रांत हात घालणारी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात आणि सुटीच्या दिवशी त्यातली बरीच बोटीचे इंजिन खोलून बसलेली असतात. गार वुड या बोट-कारखानदाराने १९३२ मध्ये ‘मिस अमेरिका टेन’ ही चार पॅकार्ड इंजिनांची बोट ताशी १२४ मैलांहून अधिक वेगाने पळवली, ती याच परिसरात.

भावाने एक जुनी सव्वीस फुटी बोट घेतली. तिच्यात शेवरोलेचे ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. इंजिन थकलेले होते, म्हणून त्याने एका गॅरेजकडून ते पूर्ण नव्याने बांधून घेतले. बांधताना ‘जरा दणकट’ कॅमशाफ्ट बसवा, असे त्यानेच सांगितले आणि त्यांनी बसवला. धक्क्याला उभी असताना बोट अशी गुरगुरायची की शेजारचे लोक वळून पाहायचे. वरचा वेग चार मैलांनी वाढला. पण पाण्यातून वर उठायला ती वेळ लावू लागली आणि धक्क्याला लागताना दोनदोनदा बंद पडू लागली.

दुसऱ्या मोसमाच्या शेवटी, त्याची दोन्ही मुले बोटीत असताना, इंजिन बंद पडले ते पुन्हा फिरेचना. सेंट क्लेअर सरोवर उथळ आहे, म्हणून मोठ्या मालवाहू जहाजांसाठी त्यातून एक खोल मार्ग खणून काढलेला आहे. बोट नेमकी त्या मार्गात होती आणि लांबवर एक जहाज दिसत होते. अशा जहाजाला थांबायला मैलभर अंतरही अपुरे पडू शकते. एका मासेमारी करणाऱ्या बोटीने दोर टाकून त्यांना बाजूला ओढले, म्हणून निभावले.

मी त्याच उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. आम्ही स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवले, तर एका भोकातून पाण्याची चूळ बाहेर आली. वरचा भाग उघडल्यावर धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांवर तांबूस गंज दिसला आणि एक कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला निघाला. पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की काहीतरी वाकतेच. गास्केट शाबूत होते, मॅनिफोल्डला तडा नव्हता. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, मग पाणी आलं कुठून?’’

उत्तर कॅमशाफ्टमध्ये होते. ते समजायला आधी कॅमशाफ्ट काय करतो हे पाहावे लागेल.

चार आकडे

पेट्रोल इंजिनाचे चक्र चार टप्प्यांचे : पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत ओढणे, वर येताना ते दाबणे, पेटल्यावर दाबाने पुन्हा खाली ढकलले जाणे आणि वर येताना धूर बाहेर टाकणे. यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. प्रत्येक सिलिंडरला किमान दोन झडपा असतात, एक आत घेण्याची आणि एक बाहेर सोडण्याची. दोन्ही या चक्रात एकेकदाच उघडायच्या असल्याने कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट २४०० घेतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला चाळीस वेळा उघडते आणि मिटते.

कॅमशाफ्टवरच्या फुगवट्याला लोब म्हणतात. लोब लिफ्टरला, म्हणजे आपल्या टॅपेटला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरला. रॉकरचे दुसरे टोक झडप दाबून उघडते. मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. कॅमशाफ्ट विकत घेताना सोबत एक कार्ड येते. त्यावरचे चार आकडे वाचता आले की अर्धे काम झाले.

पहिला आकडा उचल, म्हणजे झडप किती उघडते. शेवरोलेच्या या इंजिनात रॉकरचे प्रमाण १.७ असते, लोबने लिफ्टर ०.३२ इंच उचलला तर झडप ०.५४४ इंच उघडते. दुसरा आकडा मुदत, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत झडप उघडी राहते. ही दोन प्रकारे छापतात : एक जाहीर मुदत, जी झडप हलल्यापासून मोजतात, आणि दुसरी लिफ्टर ०.०५० इंच उचलला गेल्यापासूनची. जाहीर मुदत प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने मोजते, म्हणून दोन कंपन्यांच्या कॅमची तुलना करताना ०.०५० चाच आकडा धरावा. तिसरा आकडा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या लोबच्या शिखरांमधला कोन. हा कॅमच्या अंशांत मोजतात आणि तो घासतानाच ठरतो, पुढे बदलता येत नाही. चौथा आकडा आत घेणाऱ्या लोबचे शिखर क्रँकच्या कितव्या अंशाला येते तो. कॅम बसवताना तो थोडा पुढेमागे करता येतो.

एक उदाहरण घेऊ. जाहीर मुदत २८० अंश आणि आत घेणाऱ्या लोबचे शिखर पिस्टन माथ्यावर आल्यानंतर ११० अंशांवर. पिस्टन खाली जाण्याला फक्त १८० अंश लागतात, मग झडप २८० अंश कशाला उघडी ठेवायची? कारण हवेला वजन आहे. ती एकदम धावत नाही आणि धावू लागली की एकदम थांबतही नाही. म्हणून झडप पिस्टन माथ्यावर येण्याआधी ३० अंश उघडायला लागते आणि पिस्टन तळाला पोहोचून परत फिरल्यावरही ७० अंश उघडीच राहते. जास्त फेऱ्यांवर हवेचा लोंढा वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत शिरत राहतो आणि सिलिंडर नीट भरतो. पण कमी फेऱ्यांवर लोंढ्यात तो जोर नसतो; तेव्हा वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवाच परत बाहेर ढकलतो. म्हणून मुदत वाढवली की ताकद नुसती वाढत नाही, ती वरच्या फेऱ्यांकडे सरकते. खालची ताकद ही तिची किंमत असते.

दोन्ही झडपा उघड्या असतात तेव्हा

धूर बाहेर टाकून संपत आलेला असताना आणि नवी हवा आत यायला लागलेली असताना थोडा वेळ दोन्ही झडपा उघड्या असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. मी मनाशी त्याला संधिकाळ म्हणतो. तो काढायचे गणित सोपे आहे : दोन्ही जाहीर मुदतींच्या बेरजेला चाराने भागा, त्यातून शिखरांमधला कोन वजा करा आणि उरेल त्याची दुप्पट करा. दोन्ही मुदती २८० आणि कोन ११० असेल तर संधिकाळ ६० अंश. कोन ११४ केला तर ५२.

भावाच्या कार्डावर मुदती ३०० आणि ३०८ होत्या आणि कोन १०८. बेरीज ६०८, भागिले चार १५२, वजा १०८ म्हणजे ४४, दुप्पट ८८ अंश. रस्त्यावरच्या साध्या मोटारीला हा आकडा निम्म्यानेही पेलणार नाही.

जास्त फेऱ्यांवर लांब संधिकाळ उपयोगी पडतो. बाहेर धावणारा धूर आपल्या मागे पोकळी ठेवतो आणि ती पोकळी नव्या हवेला ओढून घेते. पण इंजिन संथ चालत असताना चित्र उलटे होते. थ्रॉटल जवळपास बंद असल्याने आत येण्याच्या मार्गात पोकळी असते आणि बाहेर जाण्याच्या मार्गात धूर रेंगाळत असतो. दोन्ही दारे उघडी असली की वारा दाब असेल तिकडून पोकळीकडे वाहणार. धूर बाहेर जाण्याऐवजी आत येतो. नवी हवा त्याने भ्रष्ट होते, एखादा स्फोट हुकतो, पुढचा जोरात होतो. शेजाऱ्यांना वळून पाहायला लावणारी ती गुरगुर हीच. तो ताकदीचा आवाज नसतो, घुसमटीचा असतो.

मोटारीत एवढ्यावर भागते. बोटीत भागत नाही. कारण बोटीत धुराच्या मागे पाणी असते.

बोट म्हणजे पाण्यातली मोटार नव्हे

मोटारीचा तापलेला धूरनळा उघड्या हवेत असतो. बोटीचे इंजिन बंद खोलीत, फायबर किंवा लाकडाच्या कुशीत, पेट्रोलच्या टाकीजवळ बसलेले असते. तिथे लालबुंद नळा म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून पंप सरोवराचे पाणी ओढतो, ते इंजिन थंड करत, मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतींतून फिरत वरच्या वाकणापर्यंत येते आणि तिथे धुरातच मिसळून देतात. पुढे धूर आणि पाणी एकत्रच बाहेर पडतात. पुष्कळ बोटींत तर पाण्याखाली, पंख्याच्या तुंब्यातून. धूर थंड, आवाज कमी, खोली सुरक्षित. पण पाणी मिसळण्याची जागा झडपेपासून हात-दीड हातावरच असते.

आता लांब संधिकाळाचा कॅम बसवून ही बोट धक्क्याजवळ संथ चालवा. धूर मागे-पुढे हेलकावतो आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी पाण्याचे तुषार वाकणावरून मागे ओढले जातात. ते तापलेल्या झडपेवर पडतात, गंज धरतो, धातूला बारीक तडे जातात. पुरेसे साठले की एखाद्या दिवशी पिस्टन पाण्यावर आदळतो. गास्केट शाबूत, मॅनिफोल्ड शाबूत आणि तरीही सिलिंडरमध्ये पाणी. भावाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

दुसरा फरक ओझ्याचा. मोटार सपाट रस्त्यावर चालते तेव्हा इंजिनाच्या ताकदीचा लहानसा भाग वापरते आणि चढ आला की खालचा गिअर हाताशी असतो. बोट कायम चढ चढत असते. तिला पुढे जाण्यासाठी एकच गिअर असतो. स्थिर उभी बोट पाण्यात रुतलेली असते. तिला स्वतःचीच लाट चढून पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते आणि हे कष्ट २००० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान होतात. मोठ्या कॅमने नेमकी तिथलीच ताकद काढून घेतलेली असते.

तिसरा फरक पंख्याचा. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाने वाढते. एखादा पंखा ४८०० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती खात असेल तर तोच पंखा ५२०० वर न्यायला सुमारे ५०८ लागतील. म्हणजे फेरे आठ टक्क्यांनी वाढवायचे तर ताकद सत्तावीस टक्क्यांनी वाढली पाहिजे. नव्या कॅमने कमाल ताकद ५६०० फेऱ्यांवर नेऊन ठेवली आणि पंखा तोच राहिला, तर इंजिन त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. पैसे भरून आणलेली ताकद वरच्या मजल्यावर कुलूपबंद राहते आणि खालच्या मजल्यावरची तर आधीच विकलेली असते.

‘मोठा’ कॅम हा हट्ट कुठून आला?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या मोटारी वेगवान करण्याची लाट आली. आर्मेनियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या एड इस्केंडेरियन या तरुणाने लॉस एंजेलिसमध्ये एक साधे ग्राइंडिंग मशीन फेरफार करून कॅम घासण्याजोगे केले आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा केला. हार्वे क्रेन याने १९५३ मध्ये फ्लोरिडात असाच कारखाना काढला. अशा हुन्नरी माणसांमुळे सामान्य माणसाला हवा तो कॅम निवडता येऊ लागला. पण त्या काळच्या हौशी मंडळींची मोठी परीक्षा म्हणजे पाव मैलाची सरळ शर्यत. तिथे इंजिन काही सेकंद, तेही वरच्या फेऱ्यांतच झटते. त्या परीक्षेत मोठा कॅम जिंकतो. ती चव तिथून सगळीकडे पसरली आणि ज्यांची परीक्षा वेगळी होती त्यांनीही तोच अभ्यासक्रम उचलला. बोट तासन्‌तास ओझ्याखाली चालते आणि मग धक्क्याला लागताना माणसाच्या पावलाच्या गतीने चालते. तिला या दोन्ही टोकांना पास व्हायचे असते.

निवडीचा क्रम

आम्ही दोघांनी आठवडाभर वही घेऊन बसून जो क्रम ठरवला तो असा. कॅम शेवटी निवडायचा. आधी इतर सगळे लिहून काढायचे.

प्रथम बोटीचे वजन आणि खरा वापर. तिच्यात किती माणसे बसतात, ती किती वेळ कोणत्या फेऱ्यांवर चालते? भावाची बोट दहातले आठ तास ३००० ते ३८०० फेऱ्यांवर चालायची. पूर्ण वेग महिन्यातून काही मिनिटे.

मग पंखा आणि गिअर. यावरून फेऱ्यांची वरची मर्यादा ठरते. गिअर १.५ असेल तर इंजिनाच्या ४८०० फेऱ्यांना पंख्याचे ३२०० होतात. पंख्याची पिच २१ इंच, म्हणजे घन पदार्थात स्क्रूसारखा शिरला तर एका फेऱ्यात २१ इंच पुढे जाईल. हिशेबाने ताशी ६४ मैल येतात. पाण्यात घसरण होते ती बारा टक्के धरली तर ५६. या हिशेबाशी न जुळणारी फेऱ्यांची स्वप्ने पाहू नयेत. या ४५४ घनइंची इंजिनाचा स्ट्रोक चार इंच आहे. ५००० फेऱ्यांवर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे १७ मीटर होते आणि बोटीत ती मिनिटभर नव्हे, तासभर टिकवावी लागते.

तिसरे, धुराचा मार्ग. पाणी कुठे मिसळते? वाकण किती उंच आहे? धूर पंख्यातून जातो की मागच्या भिंतीतून सरळ? या कुटुंबातल्या ४५४ घनइंची इंजिनाला कारखान्याचे साधे ओले मॅनिफोल्ड असतील तर ०.०५० च्या मापाने २३० अंशांच्या आसपास थांबावे आणि कोन ११२ च्या खाली आणू नये, हा अनुभवी बांधणाऱ्यांचा सावध ठोकताळा. याहून पुढे जायचे तर पाणी मिसळण्याची जागा खूप पुढे नेणारे वेगळे मॅनिफोल्ड लागतात आणि त्यांची किंमत कॅमच्या कितीतरी पट असते. ओला मार्ग थोडा चोंदलेला असतो, म्हणून बाहेर सोडणाऱ्या झडपेला सहा-आठ अंश जास्त मुदत देण्याची पद्धत आहे. मात्र तेवढ्यासाठी कोनही रुंद ठेवावा, नाहीतर संधिकाळ पुन्हा वाढतो.

चौथे, दाब आणि पेट्रोल. आत घेणारी झडप जितकी उशिरा मिटते तितका खरा दाब कमी होतो, म्हणून मोठ्या कॅमला जास्त कॉम्प्रेशन लागते. पण सतत ओझ्याखाली असलेल्या बोटीच्या इंजिनात जास्त कॉम्प्रेशन आणि बंदरावर मिळणारे साधे पेट्रोल यांची गाठ पडली की अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटतो. दोन्ही आकडे एकत्रच ठरवावेत.

पाचवे, लिफ्टर आणि स्प्रिंग. जुन्या पद्धतीचा सपाट लिफ्टर खरे तर सपाट नसतो; त्याचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो, म्हणजे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटे इंजिन २००० च्या वर फिरते ठेवावे लागते. तेवढ्यात संथ चालवले तर लोब खरवडून निघतो. शिवाय त्याला तेलात जस्त आणि फॉस्फरसची संयुगे लागतात. मोटारींच्या धूर-शुद्धीच्या यंत्रणेसाठी २००४ नंतरच्या तेलांत त्यांचे प्रमाण उतरले, म्हणून बोटीला बोटीचेच तेल घालावे. चाकाचा, म्हणजे रोलर लिफ्टर महाग पडतो, पण या काळजीतून सोडवतो. मात्र त्याचा कॅम पोलादी असेल तर डिस्ट्रिब्युटरचे दातेचक्र त्या धातूला चालणारे हवे. स्प्रिंग कॅमच्या कंपनीने सांगितलेलीच घ्यावी. जुनी स्प्रिंग थकलेली असली की वरच्या फेऱ्यांवर झडप लोबच्या मागे राहते आणि पिस्टनला भिडू शकते.

जोडीने दोन इंजिने असलेल्या बोटींत एक इंजिन उलट फिरणारे असू शकते. त्याचा कॅम वेगळा असतो; मागवण्याआधी फिरण्याची दिशा स्वतः पाहावी, कागदावर विसंबू नये.

मातीचा गोळा आणि अंशांची चकती

एवढे लिहून झाल्यावर कॅम जवळपास आपोआप ठरला : मुदती २७२ आणि २८०, ०.०५० च्या मापाने २२२ आणि २३०, कोन ११४, रोलर लिफ्टर. संधिकाळ ४८ अंश. पूर्वी ८८ होता.

भावाचा चेहरा उतरला. ‘‘दादा, एवढा खर्च करून मी लहान कॅम घेऊ?’’ मी त्याला वडिलांच्या मागाची गोष्ट सांगितली. त्याने ती लहानपणी ऐकलेली होतीच, पण इंजिनाला लावून ऐकली नव्हती. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘त्या दिवशी पोरं होती बोटीत.’’ मग ऑर्डर टाकली.

बसवताना दोन गोष्टी आम्ही स्वतः केल्या. क्रँकला अंशांची चकती आणि लिफ्टरला डायल लावून झडपा कार्डावर लिहिल्याप्रमाणेच उघडतात-मिटतात का ते पाहिले. दातेचक्रावरच्या खुणा जुळल्या म्हणजे वेळ जुळली असे नसते. चार अंशांचा फरक आम्हालाही सापडला आणि तो दुरुस्त केला. आणि पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती थापून, वरचा भाग बसवून इंजिन हाताने दोनदा फिरवले. उघडून मातीत उमटलेल्या झडपेच्या ठशाची जाडी मोजली. आत घेणाऱ्या झडपेला निदान ०.०८० आणि बाहेर सोडणारीला ०.१०० इंच मोकळी जागा हवी, असा ठोकताळा आहे. आम्हाला त्याहून जास्त मिळाली. माती मी मुलांना परत केली.

परत आल्यावर एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. माझ्याच सोलापुरात १९९२ पासून ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ हा कारखाना उभा आहे आणि तिथून बिडाचे कॅमशाफ्ट जगभरच्या मोटार कंपन्यांना जातात. ओतताना लोबचा पृष्ठभाग झटक्यात थंड करून कठीण करतात आणि आतले बीड मऊ राहू देतात. यंत्रमागाच्या गावात इंजिनाचे टॅपेट फिरवणारा दांडा घडावा, याचे मला आता नवल वाटत नाही.

भावाच्या बोटीचा वरचा वेग पूर्वीपेक्षा तीन मैलांनी कमी झाला. ती पाण्यावर मात्र काही सेकंदांत उठते आणि धक्क्याला लागताना बंद पडत नाही. शेजाऱ्याने त्याला विचारले, ‘‘इंजिन बदललंस का? आवाज येत नाही.’’

मिशिगनमध्ये ऑक्टोबरात बोटी पाण्याबाहेर काढतात. यंदा बोट काढल्यावर भावाने धुराचे वाकण खोलले, आत बॅटरी धरली आणि मला फोटो पाठवला. झडपेच्या दांड्यापर्यंत नुसती काळी, कोरडी काजळी होती.